पाणचक्की आणि तिचे वारस : औरंगाबाद परिसरातील लोकाधीन ऊर्जेचा इतिहास

१

खाम नदीच्या काठी, महमूद दरवाजालगत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात जी पाणचक्की आहे, तिच्याकडे आजवर बहुधा दोनच दृष्टींनी पाहिले गेले आहे. प्रवाशांनी तिला एक रम्य स्थळ मानले आणि हौद, कारंजी, वडाची सावली यांचे वर्णन केले. स्थापत्याच्या अभ्यासकांनी मोगल सत्तेच्या उतरणीच्या काळातील एक वास्तुसमूह म्हणून तिची नोंद घेतली. या दोन्ही दृष्टी योग्य असल्या तरी पाणचक्की मुळात ज्या प्रयोजनासाठी उभी राहिली, ते प्रयोजन त्यांत मागे पडते. पाणचक्की हे यंत्र आहे. वाहत्या पाण्याचे बळ घेऊन ते धान्य दळते, आणि हे पीठ ज्यांच्या पोटात जावयाचे त्यांच्याच संस्थेच्या स्वाधीन ते यंत्र होते. म्हणून ऊर्जेच्या सामाजिक इतिहासात या वास्तूला स्वतंत्र स्थान देणे आवश्यक ठरते.

या विषयाला आज एक निराळे महत्त्व आले आहे. सूर्य, वारा, पाणी यांपासून मिळणारी आणि स्थानिक लोकांच्या मालकीची ऊर्जा हा अनेक देशांत सार्वजनिक उपक्रमाचा विषय झाला आहे. लोक एकत्र येऊन अशा ऊर्जेचे सोहळे साजरे करतात, वर्गणी काढतात, भाग घेतात. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या किनाऱ्यालगत मिडलग्रुंडेन येथे २००० साली समुद्रात वीस पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांतील दहा एका सहकारी संस्थेच्या मालकीच्या होत्या आणि हजारो सामान्य नागरिक तिचे सभासद होते. असे उदाहरण समोर आले की ही कल्पना परदेशातून आली, असा समज सहज होतो. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी हा समज टिकत नाही. औरंगाबाद शहराच्या इतिहासातच या कल्पनेचे एक जुने रूप आढळते, आणि त्या रूपाचे गुण व मर्यादा तपासल्यास आजच्या प्रयत्नांचे मोजमाप करण्यास एक कसोटी हाती लागते.

येथे ‘लोकाधीन ऊर्जा’ हा शब्द विशिष्ट अर्थाने योजिला आहे. जिचा स्रोत परिसरातला आहे, जिच्या साधनांची मालकी किंवा विश्वस्तता परिसरातील लोकांकडे किंवा त्यांच्या संस्थेकडे आहे, आणि जिचा लाभ कोणाला किती व्हावा हे ठरविण्याचा अधिकारही तेथेच आहे, ती ऊर्जा लोकाधीन होय. ऊर्जा स्वच्छ असणे आणि ती लोकाधीन असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुढील विवेचनात या भेदाचा वारंवार प्रत्यय येईल. शहराचे नाव २०२३ साली अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तत्पूर्वीच्या घटनांच्या संदर्भात त्या त्या काळी रूढ असलेले नाव ठेवले आहे.

२

पाणचक्कीची पूर्वपीठिका नहरींमध्ये आहे. निजामशाहीचा पेशवा मलिक अंबर याने १६१० साली खडकी येथे राजधानी वसविली. अबिसिनियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे दख्खनच्या राजकारणाचा सूत्रधार झालेला हा पुरुष १६२६ साली मरण पावला. मोगलांशी त्याने दिलेल्या गनिमी लढ्याइतकेच महत्त्वाचे त्याचे दुसरे कार्य म्हणजे त्याने खडकीसाठी केलेली पाण्याची व्यवस्था. शहराजवळची खाम नदी बारमाही भरवशाची नव्हती. जमीन खडकाळ असल्याने विहिरींचे पाणी वाढत्या वस्तीला पुरे पडण्यासारखे नव्हते. शहराच्या उत्तरेकडील उंच भूभागात मात्र पावसाचे पाणी मुरून भूगर्भात साठत असे. मलिक अंबराने हे भूगर्भातील पाणी बोगद्यासारख्या खोदकामाने एकत्र केले आणि बंदिस्त मार्गाने शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी होय.

या नहरीचे तंत्र बारकाईने पाहण्यासारखे आहे. जमिनीखालील मार्गाला बेताचा उतार दिलेला असे. ठरावीक अंतरावर उभी विवरे ठेवलेली असत, त्यांतून हवा खेळे आणि माणूस उतरून गाळ काढू शके. शहराजवळ आल्यावर पाणी खापरी नळांतून जाई, आणि जागोजागी दगडी मनोरे बांधलेले असत, त्यांना ‘बंबे’ म्हणतात. नळातील दाबामुळे पाणी बंब्यात वर चढे, कोंडलेली हवा बाहेर पडे, आणि पाणी पुन्हा खाली उतरून पुढच्या नळात शिरे. स्रोताची पातळी वस्तीच्या पातळीहून उंच असल्यामुळे या साऱ्या प्रवासात पाणी उपसण्यासाठी बैल, मोट किंवा रहाट यांची गरज पडत नसे. गुरुत्वाकर्षण हाच या व्यवस्थेचा चालक होता.

म्हणजे औरंगाबादच्या ऊर्जेचा इतिहास पाण्याच्या इतिहासातूनच सुरू होतो. ज्या काळी पाणी वर चढविणे हे पशूंच्या आणि माणसांच्या श्रमाचे काम होते, त्या काळी हे श्रम वाचविणारी रचना म्हणजे ऊर्जेचीच योजना होती. मलिक अंबराच्या पश्चात शहर मोगलांकडे गेले. दख्खनचा सुभेदार असताना औरंगजेबाने १६५३ च्या सुमारास त्याला स्वतःचे नाव दिले. वस्ती वाढत गेली तशा नव्या नहरी निघाल्या. बेगमपुऱ्याकडे जाणारी थत्ते नहर आणि पाणचक्कीची नहर या त्यांतील प्रसिद्ध होत. पहिल्या नहरीने जे तंत्रज्ञान शहरात रुजविले, त्याचाच विस्तार पुढील शतकात झाला. गवंडी, खापरी नळ घडविणारे कुंभार, भुयारात उतरून गाळ काढणारे मजूर यांच्या पिढीजात कौशल्याखेरीज हा विस्तार शक्य नव्हता. इतिहासात त्यांची नावे नोंदली गेलेली नाहीत. त्यांचे काम मात्र तीन शतके वाहत राहिले.

३

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगल सैन्याबरोबर मध्य आशियातून अनेक सुफी साधक दख्खनमध्ये आले. बाबा शाह सईद पलंगपोश हे त्यांपैकी एक असून बुखाऱ्याजवळील गिज्दुवान हे त्यांचे मूळ गाव होते. ते नक्शबंदी परंपरेचे होते. त्यांचे शिष्य बाबा शाह मुसाफिर यांनी औरंगाबादेत खानकाह स्थापिली आणि १७१४ साली ते निवर्तले. त्यांच्यानंतर शाह महमूद गादीवर आले. या संतांच्या वचनांचा आणि आठवणींचा ‘मलफूजात-इ-नक्शबंदिया’ हा फारसी संग्रह शाह महमूद यांच्या नावाशी निगडित आहे. खानकाहीचे दैनंदिन जीवन, तेथे येणारे सैनिक, प्रवासी, कारागीर यांचे चित्र त्यात उमटलेले असल्याने तो सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांना विशेष उपयुक्त वाटला आहे.

पाणचक्कीच्या बांधणीचे श्रेय तुर्कताज खान या सरदाराला दिले जाते. तिच्या कालाविषयी मात्र एकमत नाही. काही लेखनात १६९५ हे साल दिलेले आढळते, तर नहरीसह चक्कीचे काम १७४४ साली पूर्ण झाले, असे मत अधिक प्रचलित आहे. तुर्कताज खान हा निजाम-उल्-मुल्क आसफजाह याच्या पदरचा होता, हे ग्राह्य धरल्यास १६९५ हे साल चक्कीच्या संदर्भात अवघड ठरते. कारण आसफजाहाला दख्खनची सुभेदारी प्रथम मिळाली ती १७१३ साली आणि त्याची सत्ता स्थिर झाली ती १७२४ नंतर. शिवाय आवारातील सर्व कामे एकाच वेळी झालेली नाहीत. दर्गा, मशीद, हौद, कारंजी, चक्की हे भाग टप्प्याटप्प्याने उभे राहिले आणि निरनिराळ्या दात्यांनी त्यांना हातभार लावला. या क्रमिक वाढीतूनच वास्तूचे सामुदायिक स्वरूप सूचित होते. एका धन्याने एका आज्ञेने उभारलेली ही वास्तू नाही.

यंत्राची रचना साधी आहे. उत्तरेकडून, हर्सूलच्या बाजूने नहरीतून आलेले पाणी एका उंच दगडी भिंतीत चढते आणि तेथून हौदात कोसळते. या पाण्याचा एक जोरदार झोत खालच्या दालनातील आडव्या चाकाच्या लोखंडी पात्यांवर सोडलेला असतो. चाकाचा उभा आस वरच्या मजल्यावर जातो आणि जात्याच्या वरच्या तळीला जोडलेला असतो. खालची तळी स्थिर राहते, वरची फिरते, आणि दोहोंमध्ये धान्य भरडले जाते. आडव्या चाकाची ही पद्धत हिमालयात घराट या नावाने परिचित आहे, आणि इराण व मध्य आशियातही ती जुनी आहे. तिला दातेरी चक्रांची गरज नसते. चाकाचा एक फेरा म्हणजेच तळीचा एक फेरा. पाण्याचा ओघ कमी पण पडण्याची उंची पुरेशी असेल तेथे ती विशेष सोयीची पडते. औरंगाबादच्या नहरीची परिस्थिती नेमकी तशीच होती. पाणी थोडे होते, पण ते उंचावरून येत होते.

या रचनेपासून किती शक्ती मिळू शकते, याचा अंदाज उदाहरणादाखल करता येतो. दर सेकंदाला दहा लिटर पाणी सहा मीटर खाली पडते असे समजले, तर त्यात सुमारे ५९० वॉट शक्ती असते. लाकूड-लोखंडाच्या साध्या चाकाने तिच्यातील निम्मी जरी पकडली, तरी सुमारे ३०० वॉट शक्ती तळीपर्यंत पोहोचते. निरोगी माणूस तासन्‌तास सलग काम करू शकतो ते सुमारे ७५ वॉट शक्तीने. अर्थात असे चाक चार माणसांचे काम करते, आणि ते रात्रंदिवस, न थकता. आजच्या मोजमापाने हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या समाजात पहाटे उठून जात्यावर बसणे हे प्रत्येक घरातील स्त्रीच्या वाट्याला आलेले काम होते, त्या समाजात चार जोडी हात मोकळे होणे ही लहान गोष्ट नव्हती. दळणाच्या श्रमातून जन्मलेल्या ओव्यांनी मराठी लोकवाङ्मय समृद्ध झाले हे खरे. परंतु त्या ओव्यांतून श्रमाची व्यथाही तितकीच बोलते, हे विसरता येत नाही.

पाण्याच्या वापरातील क्रमही ध्यानात घेण्याजोगा आहे. चक्कीतून बाहेर पडलेले पाणी वाया जात नसे. हौदातील पाणी वजूसाठी उपयोगी पडे, कारंजी उडत, आणि शेवटी ते खाम नदीला मिळे. हौदाच्या खाली एक प्रशस्त दालन आहे, त्याच्या छतावर पाणी असल्यामुळे उन्हाळ्यातही ते थंड राहते आणि यात्रेकरूंना विसावा देते. एकाच प्रवाहापासून दळण, स्नान, गारवा आणि शोभा असे चार लाभ घेणारी ही योजना होती. इंधन जळत नव्हते, धूर होत नव्हता, आणि पाण्याचा एक थेंबही चक्कीने खाल्ला नव्हता.

४

आता प्रश्न मालकीचा. पाणचक्की दर्ग्याच्या वक्फाचा भाग होती. वक्फ झालेली मालमत्ता विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही, दानही करता येत नाही. तिचे उत्पन्न व उपयोग नेमलेल्या धर्मादाय कार्यासाठी राखलेले असतात. पाणचक्कीच्या बाबतीत हे कार्य म्हणजे खानकाहीत राहणारे फकीर व शिष्य, येणारे यात्रेकरू आणि गोरगरीब यांना अन्न पुरविणे हे होते. सैन्याच्या तुकड्यांनाही येथील पीठ मिळत असे, अशी परंपरा आहे. १७६३ साली निजाम अलीने राजधानी हैदराबादला नेली आणि औरंगाबादचे राजकीय महत्त्व ओसरले. सरदारांचे वाडे ओस पडले, बागा मोडल्या. दर्गा आणि चक्की मात्र टिकून राहिली. सत्तेच्या आश्रयावर उभ्या असलेल्या वास्तू सत्तेबरोबर गेल्या. ज्या वास्तूला रोजचे काम होते आणि जिचे रक्षण करणे हे एका समुदायाचे कर्तव्य होते, ती उरली.

या टिकाऊपणाचे रहस्य केवळ कायदेशीर बंधनात शोधणे पुरेसे नाही. दर्ग्याच्या जीवनात उरूस हा वार्षिक सोहळा असतो. उरुसाला लोक जमतात, लंगर चालतो. लंगराला पीठ लागते, पिठाला चाक लागते, चाकाला पाणी लागते आणि पाण्याला नहर साफ असावी लागते. अशा रीतीने उत्सवाची तिथी ही यंत्राच्या दुरुस्तीचीही तिथी होऊन बसते. मराठवाड्यात ही रीत एका धर्मापुरती मर्यादित नाही. खुलदाबादच्या उरुसाला जाणारा आणि पैठणच्या नाथषष्ठीला जाणारा शेतकरी पुष्कळदा एकच असतो. गावोगावच्या जत्रांमध्ये वर्गणी काढली जाते, देवळाला रंग लागतो, विहिरीचा गाळ निघतो, आणि जत्रा उलगडल्यावर पंचांसमोर हिशोब वाचला जातो. उत्सव, दुरुस्ती आणि हिशोब ही त्रयी या भूभागातील सामुदायिक मालमत्तेच्या रक्षणाची रूढ पद्धत होती, असे म्हणता येईल.

तथापि या व्यवस्थेचे गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. वक्फ ही विश्वस्तता होय, लोकांचे स्वामित्व नव्हे. पीठ खाणाऱ्या फकिराला मुतवल्लीच्या निर्णयात मत नव्हते. भुयारात उतरून गाळ काढणाऱ्या मजुराला तर त्याहूनही नव्हते. चक्कीचे भांडवल सरदाराकडून आले आणि ते सरदाराजवळ जमा झाले ते रयतेच्या महसुलातून. लाभ लोकांचा, परंतु निर्णय वडीलधाऱ्यांचा, असे हे अर्धे लोकाधीन रूप होते. दुसरी मर्यादा स्रोताच्या संरक्षणाची. चक्की दर्ग्याची होती. पण पाणी ज्या टेकड्यांत मुरत होते ती भूमी दर्ग्याची नव्हती. विसाव्या शतकात शहर पसरले, नहरींच्या मार्गांवर बांधकामे झाली, नळ फुटले, कूपनलिकांनी भूजल खोल गेले. अलीकडच्या टंचाईच्या वर्षांत तर ओघ आटल्याचे प्रसंग आले. चाक शाबूत असूनही ते फिरेनासे होऊ शकते, हा धडा पाणचक्कीने दिला आहे. आज महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे मुख्य कार्यालय याच आवारात आहे, आणि चक्की मुख्यत्वे पाहुण्यांना दाखविण्यासाठी फिरते.

५

विजेच्या युगात ऊर्जेची मालकी दूर गेली. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने प्रांतोप्रांती विद्युत मंडळे स्थापण्याचा मार्ग मोकळा केला. मराठवाडा १९५६ साली हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ अस्तित्वात आले. खेड्यापाड्यांत वीज नेण्याचे या मंडळाचे कार्य मोठे आहे, आणि केंद्रीभूत यंत्रणेखेरीज ते इतक्या वेगाने झाले नसते. परंतु त्याबरोबर गावकऱ्याचे ऊर्जेशी असलेले नाते बदलले. तो ग्राहक झाला. जायकवाडीच्या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झाले. पैठण येथील बारा मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र स्वच्छ ऊर्जा देते, यात शंका नाही. नाथसागराच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली, त्यांचा त्या केंद्रावर कोणताही हक्क निर्माण झाला नाही. स्वच्छता आणि लोकाधीनता यांतील भेद येथे स्पष्ट दिसतो.

या केंद्रीकरणाला छेद देणारा एक मोठा प्रयोग गोदावरीच्या पलीकडे, अहमदनगर जिल्ह्यात झाला. १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यावर देशात पाच ठिकाणी वीज सहकारी संस्था प्रायोगिक तत्त्वावर उभ्या करण्यात आल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था ही त्यांतील एक, आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरीची संस्था दुसरी. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या आरंभी जो आत्मविश्वास दिला होता, त्याच भूमीत ही संस्था वाढली. तारा, खांब, रोहित्रे सभासदांच्या संस्थेची आणि बिलाची वसुलीही संस्थेचीच, अशी ही रचना होती. परंतु वीज ती स्वतः निर्माण करीत नव्हती. मंडळाकडून घाऊक विकत घेत होती. शेतीपंपांचे दर आणि खरेदीचा दर यांतील तफावत, थकबाकी आणि तिच्यावरून दीर्घकाळ चाललेला वाद यांत संस्था अडकली. २०११ साली तिचा वितरण परवाना संपला आणि तो भाग राज्याच्या वितरण कंपनीकडे गेला. पाणचक्कीजवळ चाक होते, पण स्रोतावर ताबा नव्हता. मुळा-प्रवरेची गत तत्त्वतः तीच झाली.

याच काळात लहान प्रमाणावर दुसरा एक प्रवाह चालू होता. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून ज्वलनशील वायू मिळविण्यात आला होता. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकात तरंगत्या झाकणाचे गोबर वायू यंत्र सिद्ध केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून मैला, खत व वायू यांचा विचार सामाजिक समतेशी जोडला. मैला वाहून नेण्याचे काम जातीवर लादले जाऊ नये, हा त्यांच्या प्रयत्नांचा गाभा होता. ऊर्जेचे साधन बदलले की श्रमाची विभागणीही बदलू शकते, हे त्यांनी ओळखले होते. पाणचक्कीच्या कथेत अनाम राहिलेला गाळ काढणारा मजूर येथे प्रथमच विचाराच्या केंद्रस्थानी आला.

६

सौर ऊर्जेने हा जुना प्रश्न पुन्हा उभा केला आहे. सूर्याला नहर लागत नाही. तो प्रत्येक छतावर आणि प्रत्येक गायरानावर सारखाच तळपतो. मराठवाड्यात तर त्याची उणीव कधीच नव्हती. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिची दुसरी आवृत्ती आली. शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू. या दुसऱ्या आवृत्तीतील पहिला प्रकल्प २०२४ च्या सप्टेंबरमध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच, वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथे कार्यान्वित झाला. त्याची क्षमता तीन मेगावॉट असून सतराशेहून अधिक शेतकऱ्यांना तेथून दिवसा वीज मिळण्याची व्यवस्था झाली. रात्री अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत पाणी भरणाऱ्या कुटुंबांना या बदलाचे मोल सांगावे लागत नाही.

मालकीच्या दृष्टीने मात्र या योजनेची घडण पाहिली पाहिजे. जमीन बहुधा शासकीय किंवा गायरानाची, प्रकल्प विकासकाचा, वीज खरेदी वितरण कंपनीची, आणि ग्रामपंचायतीला ठरावीक अनुदान. गायरान ही गावाची परंपरागत सामाईक भूमी. तिच्यावर उभ्या राहिलेल्या साधनात गावाचा भाग अनुदानापुरता राहावा की भागीदारीचा व्हावा, हा प्रश्न आर्थिक असण्यापेक्षा अधिक घटनात्मक आहे. योजनेचे श्रेय कमी न करता तो विचारता येतो.

निराळ्या घडणीची उदाहरणेही राज्यात आहेत. पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळील दरेवाडी या डोंगरातील आदिवासी वाडीत २०१२ साली ‘ग्राम ऊर्जा’ या संस्थेच्या साहाय्याने सुमारे नऊ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभा राहिला. वाडीतील सुमारे चाळीस घरांना त्यातून वीज मिळू लागली. भांडवल बाहेरून आले होते. पण वीजदर ठरविणे, पैसे गोळा करणे आणि पुढील दुरुस्तीसाठी निधी राखणे ही कामे गावाच्या न्यासाकडे सोपविण्यात आली. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून घोषित झाली. तेथे घराघरांच्या छतांवर संच बसले. याच पाटण तालुक्यातील वनकुसवडे येथे पठारावर गेल्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्यांची मोठी रांग उभी आहे. ती गुंतवणूकदारांची आहे. एकाच तालुक्यात स्वच्छ ऊर्जेचे हे दोन भिन्न संसार पाहावयास मिळतात.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की लोकाधीन ऊर्जेचे अपयश बहुधा यंत्रात नसते. पाणचक्कीचे चाक आणि मुळा-प्रवरेच्या तारा दोन्ही शाबूत होत्या. तुटला तो स्रोताशी असलेला संबंध. जी संस्था साधन राखते पण स्रोतावर हक्क राखीत नाही, ती दुसऱ्याच्या मर्जीवर जगते. सौर प्रकल्पाच्या बाबतीत स्रोत म्हणजे केवळ ऊन नव्हे. जमीन, जाळ्याला जोडण्याचा परवाना आणि विजेचा दर हेही स्रोतच होत.

दुसरा निष्कर्ष विश्वस्तता आणि स्वामित्व यांविषयी आहे. वक्फाच्या पद्धतीत मालमत्ता विकली जाण्यापासून वाचली, हा तिचा मोठा गुण. सहकाराच्या पद्धतीत सभासदाला मत मिळाले, हा तिचा गुण. एकीत मत नव्हते. दुसरीत दीर्घ दृष्टीचे बंधन नव्हते. दरेवाडीच्या न्यासात या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न लहान प्रमाणावर दिसतो, म्हणूनच चाळीस घरांचे ते उदाहरण आकाराने लहान असूनही अभ्यासाच्या दृष्टीने मोठे आहे.

तिसरा निष्कर्ष उत्सवाविषयी. स्वातंत्र्योत्तर काळात ऊर्जेचा उत्सव म्हणजे उद्घाटन, असे समीकरण झाले. पाहुणे येतात, कळ दाबली जाते, फीत कापली जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून प्रकल्प कोणाचा, हे गावाला ठाऊक नसते. २००४ पासून २० ऑगस्ट हा दिवस अक्षय ऊर्जा दिन म्हणून पाळला जातो. तोही पुष्कळदा भाषणे आणि निबंधस्पर्धा यांपुरता उरतो. उरूस आणि जत्रा यांची रीत वेगळी होती. उद्घाटन एकदाच होते. उरूस दरवर्षी येतो. दरवर्षी येणारा सोहळा दरवर्षी विचारतो की गाळ काढला का, पैसे किती जमले, खर्च कोठे झाला, लंगरात कोण उपाशी राहिला. ऊर्जेची मालकी लोकांकडे राहावयाची असेल तर तिला अशा वार्षिक तिथीची गरज आहे. त्या दिवशी गावाने एकत्र यावे, पट्ट्यांवरील धूळ पुसावी, वर्षाचा हिशोब चावडीवर वाचावा आणि मग जेवावे.

पाणचक्कीच्या खालच्या दालनात उभे राहिले की वर हौदातील पाण्याचा भार आणि बाजूला चाकाचा घरघराट एकाच वेळी जाणवतो. बेगमपुरा आणि विद्यापीठ यांच्या वाटेवर असलेल्या या दालनापासून अभ्यासक रोज जात-येत असतात. तीन शतकांपूर्वी परिसरातील पाणी, परिसरातील कारागीर आणि परिसरातील संस्था यांनी मिळून भुकेल्यांसाठी पीठ दळले, ही घटना तेथे दगडात नोंदलेली आहे. ते चाक पुढेही फिरत राहावयाचे, तर हर्सूलकडील ज्या भूमीत पाणी मुरते तिचे रक्षण आधी झाले पाहिजे; आणि धोंदलगावच्या उन्हाचा हिशोब धोंदलगावच्या चावडीवर वाचला गेला पाहिजे.